रमणिकभाईंच्या जंगलातला रानपिंगळा

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमच्या गल्लीत कोण कुठल्या खात्यात कामाला आहे, हे माणसाच्या नखांवरून कळायचं. मिलमध्ये ज्या रंगाचा माल चालू असेल त्या रंगाची नखं. माझी नखं वर्षातले बरेच महिने तांबडी असत, म्हणून शेजारच्या निर्मलाकाकूंची खात्री होती की मी कुठल्याशा मिलमध्ये लाल शेडवर आहे. एकदा त्यांनी भाच्याच्या नोकरीसाठी माझ्याकडे शब्द टाकला. मी म्हटलं, "काकू, मी मिलमध्ये नाही. मी जंगलात झाडांना गेरूचे पट्टे मारते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे पाहिलं, आणि आईचा हात हळूच दाबला.

आईलासुद्धा माझं काम कधी पटलं नाही. ती धुळ्याकडून लग्न होऊन सुरतेत आली, वडील लूमवर, सगळा संसार कापडावर चाललेला. कापड कोणीतरी विणतं, कोणीतरी रंगवतं, त्याचा पगार मिळतो, इथवर ठीक. "पन झाडे ते आपोआप वाढतस. मंग तुले पगार कसाना भेटस?" असं ती दर महिन्याच्या सुरुवातीला विचारायची आणि पगार ठेवून घ्यायची.

खरं सांगायचं तर मी वनशास्त्राला गेले ते त्या शाखेत जागा शिल्लक होत्या म्हणून. पुढे मात्र जन्म त्यातच गेला. सुरतेच्या पूर्वेला तापी धरून वर गेलं की उसाची शेतं मागे पडतात आणि मांडवीच्या पुढे डोंगर लागतात. तिथे सरकारी जंगल आहे, आणि मधेमधे खाजगी मालकीचे तुकडेही आहेत. कोणाच्या बापजाद्यांनी साग लावलेला, कोणाचा नुसताच रानटी उतार. अशा लहान लहान मालकांना त्यांचं जंगल कसं राखायचं, काय तोडायचं, काय ठेवायचं, हे सांगणं हे माझं काम. मालकाला लाकूड हवं असतं, पक्ष्याला पोकळ झाड हवं असतं, हरणाला गवत हवं असतं. या सगळ्यांचं एका उतारावर जमवायचं. यातले पक्षी आणि हरणं समजूतदार असतात.

मालक दोन प्रकारचे. बारडोलीचे एक ऊसवाले काका होते, त्यांना जंगल उसासारखं हवं होतं. सगळं एकदम तोडायचं, पाचट पेटवायचं, खोडवा फुटू द्यायचा. मी म्हटलं, "काका, ऊस वर्षात येतो. साग यायला तुमच्या नातवाला म्हातारं व्हावं लागेल." काका म्हणाले, "मग याला खत कोणतं घालू?" याच्या अगदी उलट एक बाई होत्या. जंगलाला हातच लावायचा नाही, असं त्यांचं तत्त्व. त्यांच्या तुकड्यात टणटणीची झुडपं इतकी माजली की बाईंना स्वतःच्या जंगलात पाऊल टाकायला जागा उरली नाही. त्या गाडीत बसून काचेतून निसर्गावर प्रेम करायच्या. एका उन्हाळ्यात ती टणटणी पेटली, तेव्हा तेही थांबलं.

पण सांगायची आहे ती गोष्ट रमणिकभाईंची.

रमणिकभाई म्हणजे पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलचे मालक. त्यांच्या मंडळींमध्ये प्रत्येकाने स्विमिंग पूलवालं फार्महाऊस घेतलं होतं, त्यामुळे त्यात काही राम उरला नव्हता. म्हणून त्यांनी मांडवीच्या पुढे, एका जुन्या लाकूडव्यापाऱ्याच्या वारसांकडून, चांगला लांबरुंद डोंगरउतार घेतला. अर्ध्यात व्यापाऱ्याने लावलेला दाट साग, अर्ध्यात मोह, खैर, बेहडा, बांबू असं मिसळीचं जुनं रान. ते राखायला शेजारच्याच शेताचा मालक मंगळाभाई गामित होता. त्याची बहीण नवापूरकडे दिलेली, त्यामुळे त्याला मराठी चांगलं यायचं. आणि रमणिकभाईंचं मराठी तर आमच्याच लोकांकडून, मिलच्या फाटकावर शिकलेलं होतं. मी खानदेशची आहे म्हटल्यावर ते फार खुशीत आले.

पहिल्या दिवशी ते पांढरेशुभ्र बूट घालून आले होते.

"बेन, हे पाहा. इथं उभं राहिलं ना, तर तिकडचं टोक दिसायला पाहिजे."

"शेठ, टोक दिसलं तर ते जंगल नाही, मैदान झालं."

"मैदान बी चालेल. पण झाडांसकट."

त्यांना खाली पडलेला पाला उचलायचा होता. झाडांचे बुंधे कमरेपर्यंत चुन्याने रंगवायचे होते. उतारावर सादड्याचं एक जुनं झाड होतं, आपल्याकडे त्याला ऐन म्हणतात. वीज पडून त्याचा शेंडा गेलेला, खोडात भोकंच भोकं. ते पाहून रमणिकभाई थांबले.

"हे तर मरी गेलं."

"अर्धं."

"मग उभं कशाला ठेवायचं? मिलमध्ये कापडाचा डागी ताका निघाला तर आम्ही काय दुकानात टांगतो?"

मी त्यांना समजावलं की जंगलात वाळलेलं झाड म्हणजे चाळ. सुतार पक्षी भोकं पाडून देतो, मग त्यात मैना येतात, पोपट येतात, खारी येतात, पिंगळे येतात.

"भाडं काय देतात?"

"किडे खातात, उंदीर खातात."

रमणिकभाईंनी विचार केला. "आमच्या चाळीतले तेवढंबी करत नाहीत," ते म्हणाले, आणि झाड राहिलं.

दुसरी गोष्ट सागाची. व्यापाऱ्याने लोभाने इतका दाट लावला होता की झाडं नुसती उंच गेली होती, अंगाने भरली नव्हती. पांडेसऱ्यात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं असतात ना, तशी. सगळी जगतात, पण कोणी धष्टपुष्ट होत नाही. अशा वेळी मधली किडकी, वाकडी झाडं काढायची. त्याला विरळणी म्हणतात. मग राहिलेली जाडजूड होतात, खाली ऊन पोचतं, गवत येतं, गवतात टोळ येतात, टोळांमागे सरडे. मालकीचा असला तरी साग तोडायला परवानगी लागते, ती मी मिळवली. मग पावसाळा सरल्यावर जी झाडं जायची त्यांना गेरूचे पट्टे मारायला घेतले. रमणिकभाई एकदा येऊन हे पट्टे कौतुकाने पाहून गेले. त्यांना वाटलं, लाल शिक्का म्हणजे माल पास.

नवरात्र चालू होतं. सकाळी दहाच्या सुमाराचं कडक ऊन. मी त्या ऐनाच्या खाली पाणी प्यायला बसले आणि सहज वर पाहिलं तर वाळक्या फांदीवर, अगदी उघड्यावर, एक पिंगळा बसलेला. नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा एवढ्या उन्हात असा बसत नाही, तो ढोलीतून डोकं काढून आपल्यावर डोळे वटारतो. हा मात्र भर उन्हात शेपूट इकडून तिकडे उडवत खालच्या गवतात टक लावून होता. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, छाती पांढरी. मी दुर्बिणीतून पाहिलं. दुर्बीण पुसून पुन्हा पाहिलं. तो रानपिंगळा होता.

या पक्ष्याची हकिगत अशी की तो संपला, असं शहाण्यांनी कितीतरी वर्षं धरून चाललं होतं. मग तो पुन्हा सापडला, आणि सापडला कुठे, तर आमच्या खानदेशातल्या सागाच्या रानात. म्हणजे तोही आमचाच गाववाला. आम्ही पोटासाठी तापीच्या काठाकाठाने सुरतेला आलो, त्याची काही पिढ्यांची वस्ती इथे आधीपासूनच असेल तर कोण जाणे. मला एवढा आनंद झाला की मी तिथेच मंगळाभाईला हाक मारली. तो आला, वर पाहिलं आणि म्हणाला, "हा? हा तर जोडीने असतो. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

ही बातमी द्यायला मी दुसऱ्याच दिवशी मिलच्या ऑफिसात गेले. रमणिकभाई फोनवर कोणाशी तरी परत आलेल्या मालावरून भांडत होते. मी सांगितलं, त्यांनी फोन खाली ठेवला.

"घुबड? माझ्या जमिनीत? दिवाळीच्या तोंडावर?"

"शेठ, फार दुर्मीळ आहे. लोक देशोदेशीहून बघायला येतात."

"मी म्हणी राहिलो होतो, माल परत का येई राहिला! कारण तिथं झाडावर बसेल आहे!" त्यांनी मंगळाभाईला फोन लावायला घेतला. झाड संध्याकाळपर्यंत आडवं झालं पाहिजे.

मी कायद्याचं सांगितलं, परवानगीचं सांगितलं, उपयोग झाला नाही. शेवटी म्हटलं, निदान तुमच्या महाराजांना तरी विचारा. हे महाराज त्यांचे मुहूर्त काढत आणि शेडकार्डातला कुठला रंग या हंगामात चालेल तेही सांगत. फोन स्पीकरवर टाकला.

"घुबडाचं तोंड कुठल्या दिशेला होतं?" महाराजांनी विचारलं.

रमणिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पूर्वेला." रानपिंगळा मान सगळीकडे फिरवतो, तेव्हा हे खोटं म्हणता येणार नाही.

"अरे रमणिक, लक्ष्मीचं वाहन तुझ्या दारात येऊन बसलं आणि तू कुऱ्हाड काढतोस?"

 रमणिकभाईंनी हात जोडले, फोनला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, असे अजून दहा आणता येतील?"

मला वाटलं, झाड वाचलं, काम झालं. मी इतकी वर्षं या धंद्यात होते, मला कळायला हवं होतं. आठवड्याभरात त्या ऐनाभोवती संगमरवरी ओटा बांधायला गवंडी आला. फांदीला पितळी घंटा टांगायची होती. झाडावर भगवा झेंडा, खालून फोकस लाईट. मी गवंड्याला परत पाठवलं, घंटा मंगळाभाईने स्वतःच्या बैलाला बांधली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, विरळणी बंद. "वाहनाच्या घरातलं एक पान तोडायचं नाही," असा हुकूम सुटला.

आता यातली गंमत बघा. काही महिन्यांपूर्वी हा माणूस एका टोकावरून दुसरं टोक दिसावं म्हणून सगळं भुईसपाट करायला निघाला होता. आता पानाला हात लावू देईना. मी मधल्या मधे तशीच उभी. रानपिंगळ्याला बसायला उघडी फांदी आणि खाली मोकळी जमीन लागते. तो बसतो, खाली सरडा हलला की झेप घेतो. सागाच्या त्या अंधाऱ्या दाटीत आणि टणटणीच्या जाळीत त्याला काही दिसणार नव्हतं. विरळणी त्याच्यासाठीच हवी होती. मी हे रमणिकभाईंना तीनतीनदा सांगितलं. ते म्हणायचे, "बेन, देवाच्या कामात हिशेब नको."

त्यात मंगळाभाईने चहाच्या टपरीवर ही बातमी सांगितली, आणि टपरीवरून ती सुरतेत पोचली. सुरतेत केतकीबेन नावाच्या बाई होत्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या, पक्षिप्रेमींचा एक गट चालवणाऱ्या. बाई मनाने खरंच चांगल्या, पक्ष्यांची माहितीही होती. पण त्यांच्यामागे जी फौज आली तिला फोटो हवा होता. रविवारी बघावं तर गाड्यांची रांग, आणि गाड्या उभ्या कुठे, तर त्या ऐनाखालच्या एकमेव मोकळ्या गवतावर. रानपिंगळ्याचं ताट तेच. तोफेएवढ्या लेन्स त्याच्यावर रोखलेल्या. एक जण मोबाईलवर रानपिंगळ्याचा आवाज लावून त्याला बोलवत होता. तो बिचारा दुसरा पिंगळा घुसला समजून दिवसभर स्वतःची हद्द राखत इकडून तिकडे ओरडत फिरत होता.

मी केतकीबेनना म्हटलं, "हे आवाज लावणं थांबवा."

त्या म्हणाल्या, "आधी तुमची कुऱ्हाड थांबवा." त्यांनी गेरूचे पट्टे पाहिले होते. लाल पट्ट्याचा अर्थ त्यांना मात्र बरोबर माहीत होता.

मग पुढच्या रविवारी आंदोलन झालं. पन्नासेक माणसं, सगळ्यांनी पांढरे टी-शर्ट घातलेले, सागांना मिठ्या मारून उभी राहिली. माझ्याविरुद्ध घोषणा झाल्या. मला 'लाकूडतोडी' म्हणाले. मी एका बाजूला दगडावर बसून हे पाहत होते. आदल्या रात्री जराशी सर येऊन गेली होती आणि गेरू ओला होता. मिठ्या सुटल्या तेव्हा प्रत्येकाच्या पोटावर एक एक तांबडा पट्टा उठला होता.  माझ्या धंद्यात या पट्ट्याचा जो अर्थ होतो तो मनात आला आणि जरा बरं वाटलं. रमणिकभाई मात्र या आंदोलनाने भारावले. त्यांनी सगळ्यांना नाश्त्याला लोचो मागवला.

इथवर हसण्यावारी होतं. दिवाळीच्या आधी मंगळाभाई घरी आला. तो कधी पांडेसऱ्यापर्यंत येत नसे. आईने दिलेल्या चहालाही त्याने हात लावला नाही.

"बेन, दोन माणसं येऊन गेली. मोटारसायकलवर. घुबड पाहिजे म्हणतात, जिवंत. पूजेला."

दिवाळीच्या अमावास्येला काही लोक लक्ष्मीला वश करायला घुबडाचा बळी देतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही.  ज्या जागेचा पत्ता सगळ्या सुरतेच्या मोबाईलवर होता, तिथून असा पक्षी पकडायला एक जाळं पुरतं.

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, आमच्या शेठचं घुबड लहान आहे, आजारी आहे. मोठी घुबडं पलीकडच्या टेकडीवर, त्या बिल्डरच्या बंगल्यावर आहेत. चार आहेत, गच्चीवर बसतात, माणसाला घाबरत नाहीत."

"तिथे कुठे आहेत घुबडं?"

"कबुतरं हाकलायला ठेवलीत ना, प्लॅस्टिकची."

दुसऱ्या दिवशी त्या बिल्डरने पोलिसांत तक्रार केली की गच्चीवरून कोणीतरी चारही घुबडं नेली. लक्ष्मी त्या पूजेला प्रसन्न झाली की नाही ते कळलं नाही. पोलिसांच्या फेऱ्या मात्र त्या रस्त्याला सुरू झाल्या आणि मोटारसायकलवाले पुन्हा आले नाहीत. तरीही ती सगळी दिवाळी मंगळाभाई त्याच्या दोन भावांना घेऊन ऐनाखाली खाट टाकून बसला होता. सणाला घरी गेला नाही. हे तो कोणाला सांगत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

मग आली लाभपाचम. सुरतेत त्या दिवशी दुकानं, मिला पुन्हा उघडतात. रमणिकभाईंनी ठरवलं की यंदा मुहूर्त जंगलात करायचा. व्यापारी मंडळातल्या सगळ्यांना वाहनाचं दर्शन घडवायचं. मी विनवण्या केल्या. घरटं धरायचे दिवस आहेत, गर्दी नको, आवाज नको. त्यांनी बँडवाल्यांना हळू वाजवायला सांगितलं.

त्या दिवशी उतारावर मंडप होता, गालिचे होते, महाराज होते, रेशमी कुडत्यातले शे-दोनशे व्यापारी होते. सगळ्यांनी ऐनाकडे तोंड करून हात जोडले. फांदी रिकामी होती. आरती झाली, फांदी रिकामी. प्रसाद वाटून झाला. माना वर करून करून लोकांचे खांदे दुखायला लागले. तेवढ्यात बांबूच्या बेटातून एक भारद्वाज टुणटुण उड्या मारत बाहेर आला. कोणीतरी ओरडलं, "हेच काय?" आणि शंभर माणसं त्या भारद्वाजाला नमस्कार करायला लागली. तो दचकून टणटणीत शिरला. महाराजांनी तोही शुभ आहे असं जाहीर केलं.

लोक गेले. मी रिकाम्या मंडपाच्या टोकाला उभी होते. रमणिकभाई एकटेच खुर्चीवर बसले होते, पांढऱ्या बुटांवर गुलाल सांडलेला. मला ते म्हणाले, "बेन, सगळ्यांच्या समोर इज्जत गेली ती जाऊ द्या. पण ते येणार ना?"

मी म्हटलं, "माहीत नाही, शेठ."

खरोखरच माहीत नव्हतं. त्यानंतर आठवड्यामागून आठवडे गेले, ती जोडी दिसली नाही. ढोलीत मैना राहायला आल्या. मी दर फेरीला त्या फांदीकडे पाहायची आणि मान खाली घालून पट्टे मोजत पुढे जायची. एवढ्या वर्षांत मी कितीतरी झाडं पडताना पाहिली आहेत, त्यातल्या कित्येकांना पट्टा मीच मारलेला. कधी काही वाटलं नाही. त्या रिकाम्या फांदीने मात्र माझी मोजणी चुकायची.

रमणिकभाईंचा फोन आला. लागोपाठ केतकीबेनचाही आला. त्यांनी आपल्या गटाला तिथे जायला बंदी केली होती, स्वतः गाडी रस्त्यावर लावून चालत यायच्या आणि फार खजील झाल्या होत्या. दोघांना मी एकाच दिवशी जंगलात बोलावलं. जाऊन बघते तर दोघं माझ्या आधीच येऊन पोचलेले.

"सुनंदाबेन," केतकीबेन गंभीरपणे म्हणाल्या, "माझा बराच अभ्यास झाला आहे. या पक्ष्याला मोकळी जमीन लागते. तुमचा साग फार दाट आहे. विरळणी करावी लागेल."

"आणि ती टणटणी," रमणिकभाई म्हणाले. "ती एकदम नाही काढायची बरं का बेन. टप्प्याटप्प्याने. त्याच्यात तितर लपतात."

"वाळलेली झाडं अजिबात काढू नका," केतकीबेन म्हणाल्या.

"ती चाळ असते," रमणिकभाईंनी मला समजावलं.

मी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं आणि विचारपूर्वक सांगितलं की सूचना चांगल्या आहेत, मी प्रयत्न करते.

त्या हिवाळ्यात विरळणी झाली. ऐनाच्या भोवतीचा मोठा तुकडा तसाच सोडला, बाकीच्यातून किडका, वाकडा साग निघाला. केतकीबेन रोज येत आणि एक एक झाड पडताना डोळे मिटून घेत, पण पट्टा बरोबर आहे का हेही तपासत. निघालेल्या लाकडाचं काय करायचं, यावर रमणिकभाईंनी मिलच्या ऑफिसला दारं करून घेतली. खाली ऊन आलं. पौषात जिथे नुसता पाला होता तिथे माघात दगड उन्हाने तापून त्यांवर सरडे दिसायला लागले.

होळीच्या थोडं आधी मी आणि मंगळाभाई कुंपणाच्या कडेने चाललो होतो. तो अचानक थांबला आणि त्याने मला हाताने खाली बसवलं. विरळ झालेल्या सागाच्या एका फांदीवरून रानपिंगळा खाली झेपावला, सरडा उचलला आणि कुंपणावरून पलीकडे गेला. पलीकडे मंगळाभाईचं शेत. बांधावर त्याच्या आजोबांच्या वेळचा मोह. मोहाच्या ढोलीत तो क्षणभर डोकावला, आणि बाहेर आला तेव्हा चोचीत सरडा नव्हता.

मंगळाभाई हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत. मला का कोण जाणे रडू आलं.

रमणिकभाईंना सांगणं भाग होतं. ते आले, लांबूनच बसले, या वेळी साधी चप्पल घालून. दुर्बीण हातात दिली. पिंगळा आला, गेला, पुन्हा आला. त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

"ते झाड कोणाचं?"

"मंगळाभाईचं."

"जमीन विकत मिळेल?"

"आदिवासीची जमीन तुम्हाला घेता येत नाही, शेठ. कायदाच आहे."

"मग पिंगळ्याला इकडं ढोली बनवून दिली तर?"

"त्याला ती पसंत पडली पाहिजे."

रमणिकभाईंनी पुन्हा दुर्बीण लावली. मंगळाभाई दुसरीकडे बघत होता. समोर पिंगळा पुन्हा आला, शेपूट उडवून सागाच्या फांदीवर बसला, खालच्या गवतावर नजर लावून.

"म्हणजे राही राहिला मंगळाकडे," रमणिकभाई हळूच म्हणाले, "आणि जेवी राहिला माझ्याकडे."

"हो, शेठ."

"रोज?"

"रोज. पिल्लांसाठीसुद्धा इथूनच नेतो."

त्यांचा चेहरा बदलला. मिलमध्ये, मंडपात, कुठेच मी तो तसा पाहिला नव्हता. आवाज अगदी खाली आणून, कोणाला जेवताना त्रास होऊ नये अशा बेताने ते म्हणाले,

"मग पाहुणा तर माझाच झाला."